विद्यापीठाचं संकेतस्थळ आणि सोशल मीडिया: वारंवार विचारले जाणारे प्रश्न

प्रवेश विभाग, जनसंपर्क कक्ष, संगणक केंद्र आणि अधूनमधून थेट कुलसचिव कार्यालय यांच्याकडून पुन्हा पुन्हा येणारे हे प्रश्न. सोपे आधी घेतले आहेत, चक्रावणारे शेवटी. एकाचं उत्तर दुसऱ्यात असेल तिथे फक्त क्रमांक दिला आहे.

१. मुख्य पानावर नेमकं काय असावं? कुलगुरूंचा संदेश सगळ्यात वर ठेवायलाच हवा का?

नको. बैठक बोलावण्याआधी साइटच्या शोधपेटीत लोक काय टाइप करतात ते महिनाभर बघा. लोक कोणत्या शब्दांनी शोधत तुमच्यापर्यंत येतात तेही सर्च कन्सोलमध्ये (गुगल शोधात तुमची साइट कशी दिसते ते सांगणारं गुगलचं साधन) पाहा. जवळपास सगळीकडे तीच यादी निघते: प्रवेश, निकाल, वेळापत्रक, शुल्क, लॉगिन, संपर्क. हे दुवे मोबाइलवर पान न सरकवता दिसले पाहिजेत. संदेशाची जागा ‘विद्यापीठाविषयी’ या भागात.

मोठ्या सरकत्या चित्रांचा मोहही आवरा. चित्रातच लिहिलेला मजकूर शोधात सापडत नाही, स्क्रीन रीडरला (पडद्यावरचा मजकूर मोठ्याने वाचणाऱ्या प्रोग्रामला) वाचता येत नाही आणि मोबाइलवर मुंगीएवढा दिसतो. बातम्यांची सरकती पट्टी ठेवायचीच असेल तर थांबवण्याचं बटण द्या. इतर मजकुराशेजारी ५ सेकंदांहून जास्त वेळ आपोआप हलणारी गोष्ट वाचकाला थांबवता आली पाहिजे, हा डब्ल्यूसीएजी या सुलभता निकषांचा अगदी मूळ पातळीवरचा नियम आहे. लुकलुकणाऱ्या ‘नवीन’ पाट्यांबद्दल काय बोलावं! तीन वर्षांपूर्वीच्या सूचनेसमोर ती पाटी अजून लुकलुकत असेल, तर वाचक बाकीच्या सूचनांवरही विश्वास ठेवत नाही.

२. अभ्यासक्रमाच्या पानावर काय काय द्यायचं?

पात्रता, कालावधी, जागा, निवडीची पद्धत, अर्जाची शेवटची तारीख, पूर्ण शुल्क, विषयांची यादी, आणि शंका विचारण्यासाठी एक फोन व एक ईमेल. ‘पूर्ण’ हा शब्द महत्त्वाचा. पहिल्या सत्राचं शिकवणी शुल्क तेवढं लिहिलं आणि परीक्षा शुल्क, अनामत, प्रयोगशाळेचा खर्च नंतर सांगितला, तर पालकाचा पहिला फोन भांडणाचाच येतो. शुल्क कोणत्या शैक्षणिक वर्षाचं आहे तेही शेजारीच लिहा.

शुल्काचा आकडा साधारणपणे पाच ठिकाणी असतो: विभागाचं पान, प्रवेशाचं पान, माहितीपुस्तिका, जाहिरातीचं पान आणि इन्स्टाग्रामची जुनी पोस्ट. बदल होतो तेव्हा तीन सुधारले जातात. म्हणून सीएमएसमध्ये (साइटचा मजकूर सांभाळणाऱ्या प्रणालीत) आकडा एकाच नोंदीत ठेवा आणि सगळ्या पानांनी तो तिथूनच घ्यावा. माहितीपुस्तिकेत आकडा न छापता पानाचा पत्ता छापा. प्रत्येक पानाच्या तळाशी ‘शेवटची तपासणी’ ही तारीख आणि जबाबदार पद लिहा. पद लिहायचं, व्यक्तीचं नाव नाही, कारण माणसाची बदली होते.

३. दरवर्षी प्रवेशासाठी नवीन पान तयार करावं का?

नाही. पत्त्यात वर्ष असलेलं पान पुढच्या वर्षी मेलेलं असतं. त्या पानाकडे येणारे शाळांचे, बातम्यांचे, जुन्या पोस्टचे दुवे सगळे वाया जातात, आणि गुगल बरेचदा मागच्या वर्षीचंच पान वर दाखवतं. ‘/प्रवेश’ असा एकच कायमचा पत्ता ठेवा आणि मजकूर बदलत राहा. मागच्या वर्षीचा मजकूर हवा असेल तर त्याची प्रत संग्रहात टाका, वर ठळक लिहा की ही माहिती जुनी आहे, आणि चालू पानाचा दुवा द्या. आधीची वर्षवार पानं ३०१ पुनर्निर्देशनाने (जुना पत्ता उघडणाऱ्याला आपोआप नव्या पत्त्यावर नेणारी सर्व्हरची सोय) कायमच्या पत्त्यावर वळवा.

४. सूचना सही-शिक्क्याची स्कॅन पीडीएफ म्हणून टाकतो. तेवढं पुरतं ना?

कार्यालयाच्या फाइलसाठी पुरतं, वाचकासाठी नाही. स्कॅन म्हणजे फोटो. त्यातली तारीख शोधता येत नाही, मोबाइलवर बोटांनी ताणून वाचावी लागते, आणि दृष्टिहीन विद्यार्थ्याला तिथे काहीच ऐकू येत नाही. सूचनेचं साधं वेबपान बनवा: कोणासाठी, काय करायचं, कधीपर्यंत, कुठे. सही असलेली पीडीएफ खाली जोडा.

सुधारित वेळापत्रक मात्र जुन्याच फाइलनावाने चढवू नका. ब्राउझर आणि सीडीएनकडे (पानांच्या प्रती वाचकांजवळच्या सर्व्हरवर ठेवणारी सेवा) जुनी प्रत साठलेली असते. निम्म्या मुलांना जुनं दिसतं, निम्म्यांना नवं, आणि दोघंही शपथेवर सांगतात की साइटवर असंच आहे. नवीन फाइलला नवीन नाव द्या, पानाचा पत्ता तोच ठेवा. फाइल व्हॉट्सॲपवर फिरणारच आहे, तेव्हा पहिल्याच पृष्ठावर सुधारणेची तारीख आणि मूळ पानाचा पत्ता छापा. ‘अंतिम’, ‘अंतिम-नवीन’, ‘अंतिम-नवीन-२’ ही नावं कायमची हद्दपार करा.

५. मराठी पानांवर अक्षरं तुटतात किंवा चौकोन दिसतात. असं का?

सहसा तीनपैकी एक कारण असतं. मजकूर जुन्या, युनिकोड नसलेल्या फॉन्टमध्ये टाइप झालेला असतो. तो रूपांतरित करून जोडाक्षरं माणसाने तपासावी लागतात. दुसरं कारण म्हणजे आकार कमी करण्यासाठी फॉन्ट कापताना जोडाक्षरांचे तक्तेही कापले जातात. तिसरं सगळ्यात गमतीचं: डिझायनरने इंग्रजी शीर्षकांसाठी सीएसएसमध्ये (पानाच्या रूपाचे नियम लिहितात त्या कोडमध्ये) अक्षरांमधलं अंतर वाढवलेलं असतं आणि तोच नियम मराठीला लागून शिरोरेखा तुटते. देवनागरीसाठी ते अंतर शून्य ठेवा. ओळींची उंची १.६ च्या आसपास ठेवा, नाहीतर वरची वेलांटी आणि खालचा उकार एकमेकांना भिडतात.

पानाच्या कोडमध्ये भाषा ‘एमआर’ अशी घोषित करा, म्हणजे स्क्रीन रीडर योग्य आवाज निवडतो. दोन भाषांतली पानं एचरेफलँगने (हेच पान दुसऱ्या भाषेत कुठे आहे ते सांगणारी कोडमधली खूण) जोडताना दोन्ही पानांनी एकमेकांकडे बोट दाखवायला हवं. एकतर्फी जोडणी गुगल विचारात घेत नाही. आणि कोपऱ्यातलं यंत्रानुवादाचं बटण म्हणजे दुसरी भाषा नव्हे. पात्रतेच्या नियमातला एक ‘किंवा’ चुकला की प्रवेशच चुकतो.

६. सीएमएस म्हणून वर्डप्रेस, ड्रुपल की स्वतः लिहून घ्यावं?

तीन वर्षांनी अद्ययावत कोण करणार, याचं उत्तर ज्याच्या बाजूने येईल ते. वर्डप्रेससाठी माणसं सहज मिळतात, पण प्लगइनची (जादा सोयींसाठी जोडलेल्या प्रोग्रामांची) गर्दी लवकर होते. अनेक विभाग आणि वेगवेगळ्या संपादकांचे अधिकार सांभाळायचे तर ड्रुपल बरं पडतं, शिकायला मात्र जड. ड्रुपल ७ चा आधार ५ जानेवारी २०२५ रोजी संपला आहे. तुमची साइट अजून त्यावर असेल तर हा प्रश्न बाजूला ठेवून आधी स्थलांतराला लागा. विद्यार्थ्यांच्या प्रकल्पातून बनलेली साइट ते विद्यार्थी पदवी घेऊन जाईपर्यंत छान चालते.

७. प्रत्येक विभागाला स्वतंत्र साइट हवी असते. द्यावी का?

मुख्य साइटच्या आत एक भाग द्या. ग्रंथालयाची सूची किंवा निकाल यांसारखी वेगळी प्रणाली असेल तेव्हाच उपडोमेन (मुख्य पत्त्याआधी आणखी एक नाव जोडून केलेला पत्ता). संपूर्ण स्वतंत्र डोमेन शक्यतो नाहीच: विभागप्रमुख बदलतात, नूतनीकरण राहून जातं, कोणीतरी ते डोमेन विकत घेतं आणि तुमच्या छापील पुस्तिकेतला पत्ता भलत्याच साइटवर उघडतो.

परिषदांच्या साइट संपल्यावर स्थिर एचटीएमएल करून संग्रहात ठेवा आणि त्यांचा डेटाबेस बंद करा. बाहेरच्या सेवेकडे बोट दाखवणारी सी-नेम नोंद असेल तर सेवा बंद करताना डीएनएसमधली (डोमेनची नावं कुठे उघडायची ते सांगणाऱ्या यादीतली) ती नोंदही काढा. ती तशीच राहिली तर त्या सेवेवर तेच नाव दुसरा कोणी घेऊ शकतो, आणि मग तुमच्या उपडोमेनवर त्याची साइट उघडते.

८. साइट संथ आहे असं सगळे म्हणतात. मोजायचं कसं?

आवारातल्या फायबर जोडणीवर मोजू नका. सर्च कन्सोलमधल्या कोअर वेब व्हायटल्स अहवालात खऱ्या वाचकांचे आकडे मिळतात. १०० पैकी निदान ७५ भेटींमध्ये मुख्य मजकूर २.५ सेकंदांत दिसावा, बटण दाबल्यावर २०० मिलिसेकंदांत प्रतिसाद मिळावा, आणि पान हलण्याचा गुणांक ०.१ च्या आत असावा.

पहिला गुन्हेगार बहुधा समारंभाचा फोटो: कॅमेऱ्यातून आलेला, ६,००० पिक्सेल रुंद, तसाच चढवलेला. चढवतानाच आपोआप लहान करून वेबपी किंवा एव्हीआयएफ या हलक्या चित्रप्रकारांत बदलणारी सोय बसवा. संपादकांना सूचना देऊन हे कधीच होत नाही. चित्रांना रुंदी-उंची लिहा, म्हणजे पान उड्या मारत नाही. खालची चित्रं उशिरा लोड होऊ द्या, पण सगळ्यात वरच्या चित्राला तो नियम लावू नका, नाहीतर पान उलट संथ होतं.

९. निकालाच्या दिवशी साइट कोलमडते. मोठा सर्व्हर घ्यावा का?

आधी हिशेब करा. समजा, ५०,००० विद्यार्थी पहिल्या १० मिनिटांत आले आणि प्रत्येकाने दहा वेळा रिफ्रेश केलं. सेकंदाला सुमारे ८३३ विनंत्या झाल्या. पानावर चित्रं, फॉन्ट, स्क्रिप्ट मिळून वीस फाइली असतील तर तोच आकडा १६,००० च्या पुढे जातो. म्हणून निकालाच्या पानावर लोगो आणि दोन रकाने एवढंच ठेवा. तिथे चॅटबॉटचं काहीही काम नाही.

निकाल एकदा जाहीर झाला की क्वचितच बदलतो, तरी प्रत्येक रिफ्रेशला डेटाबेसला तेच पुन्हा विचारलं जातं, आणि बँडविड्थच्या आधी डेटाबेसच्या जोडण्या संपतात. उपाय असा: प्रत्येकाचा निकाल आदल्या रात्रीच तयार फाइल म्हणून काढून ठेवा. पुढे आसनक्रमांक आणि जन्मतारीख तपासणारा एक छोटा प्रोग्राम, मागे तयार फाइली, आणि हे सगळं वेगळ्या उपडोमेनवर, वेगळ्या सर्व्हरवर. निकाल अडखळला तरी मुख्य साइट चालू राहील आणि तिथून निदान सूचना तरी देता येईल. फक्त आसनक्रमांकावर निकाल उघडत असेल तर कोणीही एकेक आकडा वाढवत सगळ्या वर्गाचे गुण उतरवून घेऊ शकतं.

यात दोन खाचखळगे आहेत. एका आयपीवरून (जोडणीचा इंटरनेटवरचा पत्ता) किती विनंत्या चालतील याची मर्यादा घट्ट ठेवली तर वसतिगृहातली सगळी मुलं एकदम अडकतात, कारण ती सगळी एकाच आयपीमागे असतात; मोबाइल कंपन्यांचंही तसंच. मर्यादा चुकीच्या प्रयत्नांवर लावा, एकूण विनंत्यांवर नाही. दुसरं म्हणजे, ‘निकाल अजून जाहीर झालेला नाही’ हे पान सीडीएनने तासभर साठवलं तर निकाल लागल्यावरही लोकांना तेच दिसत राहतं. त्या पानाची साठवण ६० सेकंदांवर आणा.

आठवडाभर आधी के-६ किंवा जेमीटर या साधनाने, आवाराबाहेरून, भारचाचणी (एकदम भरपूर विनंत्या पाठवून पाहणं) घ्या. विद्याशाखांचे निकाल अर्ध्या-अर्ध्या तासाने सोडा. आणि सोशल मीडियावरची घोषणा बाहेरच्या मोबाइल नेटवर्कवर एक निकाल उघडून पाहिल्यानंतरच करा.

१०. कोणकोणत्या सोशल मीडियावर असायला हवं?

जेवढ्यांवर आठवड्यातून निदान दोनदा काही टाकता येईल आणि रोज संदेश वाचता येतील, तेवढ्यांवरच. इच्छुक विद्यार्थी इन्स्टाग्राम आणि यूट्यूबवर, माजी विद्यार्थी आणि प्राध्यापकपदाचे उमेदवार लिंक्डइनवर. लिंक्डइनवर साध्या कंपनीचं पान न काढता शिक्षणसंस्थेचं पान काढा; त्यातच माजी विद्यार्थ्यांचा विभाग मिळतो. सूचनांसाठी व्हॉट्सॲप चॅनल गटापेक्षा चांगलं, कारण सदस्यांना एकमेकांचे नंबर दिसत नाहीत आणि ‘शुभ सकाळ’ही येत नाही.

११. खाती कोणाच्या नावावर काढायची?

निम्मी संकटं इथूनच सुरू होतात. उत्साही प्राध्यापक किंवा स्वयंसेवक विद्यार्थी स्वतःच्या ईमेलवरून खातं काढतो, दोन वर्षांनी निघून जातो, आणि पासवर्ड बदलायचा कोड त्याच्या फोनवर जात राहतो.

प्रत्येक खातं विद्यापीठाच्या डोमेनवरच्या, पदाच्या नावाच्या ईमेलवर काढा. फेसबुक आणि इन्स्टाग्राम मेटाच्या बिझनेस पोर्टफोलिओत जोडा, यूट्यूब ब्रँड अकाउंट करा. मग पासवर्ड न वाटता माणसांना भूमिका देता येतात. पूर्ण अधिकार असलेले किमान दोन कायम कर्मचारी हवेत. एकच असेल तर त्याचं स्वतःचं खातं निलंबित झालं की विद्यापीठही बाहेर. बाहेरच्या एजन्सीला मर्यादित भूमिका पुरते. जाहिरात खातं मात्र विद्यापीठाच्याच मालकीचं हवं, नाहीतर करार संपताच सगळा इतिहास एजन्सीबरोबर जातो. द्विस्तरीय पडताळणी ॲपवर ठेवा आणि आणीबाणीचे कोड छापून तिजोरीत. कोणी सोडून गेलं की ना-देय प्रमाणपत्राच्या यादीत ‘सोशल मीडिया अधिकार काढले’ ही ओळ असू द्या.

१२. पोस्टमध्ये सत्काराचे फोटो आणि शुभेच्छा सोडून काय टाकायचं?

प्रवेश विभागाच्या फोनवर आठवड्यात काय विचारलं गेलं ते टिपा. प्रत्येक प्रश्न ही एक पोस्ट आहे. ‘या शाखेत गणित सक्तीचं आहे का?’ याचं ४० सेकंदांचं उत्तर, त्याच शाखेच्या विद्यार्थ्याच्या तोंडून. इन्स्टाग्राम पोस्टच्या चौकटी १,०८० × १,३५० पिक्सेल, रील १,०८० × १,९२०. रीलच्या खालच्या भागावर बटणं आणि कॅप्शन येतात, तिथे तारीख लिहू नका. इन्स्टाग्रामच्या कॅप्शनमधला पत्ता दाबता येत नाही, म्हणून तो प्रोफाइलमध्ये द्या. व्हिडिओत मथळे हवेतच. बरेच जण आवाज बंद ठेवून पाहतात. गुणवंतांच्या फोटोसाठी लेखी संमती घ्या, आणि गळ्यातल्या ओळखपत्रावरचा क्रमांक वाचता येत नाही ना ते बघा.

१३. दुवा शेअर केला की चुकीचा किंवा जुनाच फोटो येतो. कुठे बदलायचा?

पानाच्या ओपन ग्राफ टॅगमध्ये, म्हणजे शेअर केलेल्या दुव्यासोबत काय दिसावं ते सांगणाऱ्या कोडच्या ओळींत. चित्र १,२०० × ६३० पिक्सेल, आणि त्याचा पत्ता एचटीटीपीएसपासून पूर्ण लिहिलेला. टॅग सुधारूनही जुनाच फोटो येत असेल तर फेसबुकच्या शेअरिंग डीबगरमध्ये आणि लिंक्डइनच्या पोस्ट इन्स्पेक्टरमध्ये तो पत्ता टाकून पुन्हा वाचायला लावा. व्हॉट्सॲपसाठी असं साधन नाही. पत्त्याच्या शेवटी प्रश्नचिन्ह आणि एखादा आकडा जोडून नवा दुवा पाठवा.

१४. गुगलवर जाहिरात दिली. क्लिक भरपूर, अर्ज मोजके. काय चुकतं?

शोधसंज्ञांचा अहवाल उघडा. विद्यापीठाच्या नावाने शोधणारे बहुतेक जण आधीच तुमचे विद्यार्थी असतात. त्यांना लॉगिन किंवा निकाल हवा असतो आणि ते सगळ्यात वरच्या दुव्यावर, म्हणजे जाहिरातीवर, टिचकी मारतात. ‘निकाल’, ‘लॉगिन’, ‘प्रश्नपत्रिका’, ‘वेळापत्रक’, ‘भरती’, ‘पत्ता’ हे शब्द मराठी, इंग्रजी आणि रोमन लिपीतल्या मराठीतही नकारात्मक यादीत (ज्या शोधांवर जाहिरात दाखवायची नाही त्या शब्दांच्या) टाका. नकारात्मक शब्दांना जवळचे पर्याय आपोआप लागू होत नाहीत, तेव्हा एकवचन-अनेकवचन दोन्ही लिहा. जाहिरात मुख्य पानावर न नेता थेट त्या अभ्यासक्रमाच्या पानावर न्या (प्रश्न २).

मेटावर १८ वर्षांखालच्यांना आवडीनिवडीनुसार लक्ष्य करता येत नाही. फेब्रुवारी २०२३ पासून वय आणि ठिकाण एवढंच उरलं आहे. बारावीतला बराचसा वर्ग यात येतो. पालकांसाठी वेगळी जाहिरात करा. शुल्क, वसतिगृह आणि सुरक्षितता यांवर बोला.

१५. अर्ज नेमके कुठून आले ते कळतच नाही. ॲनालिटिक्स म्हणतं, सगळे पेमेंट गेटवेवरून आले!

अर्जाचं पोर्टल वेगळ्या डोमेनवर आहे आणि शुल्क तिसऱ्याच डोमेनवर भरलं जातं. परत येणारा माणूस नवाच पाहुणा समजला जातो. जीए-४ (गुगल ॲनालिटिक्स ४) मध्ये क्रॉस-डोमेन मोजणीत तुमची दोन्ही डोमेन टाका आणि पेमेंट गेटवे नकोशा संदर्भांच्या यादीत घाला.

यूटीएम (वाचक कुठून आला ते सांगणारी, दुव्याच्या शेवटी जोडलेली खूण) लिहिताना ‘इन्स्टाग्राम’चा पहिला रोमन वर्ण एकदा मोठा, एकदा लहान लिहिला तर दोन वेगळ्या ओळी दिसतात, सगळं लहान लिपीत ठेवा. स्वतःच्या साइटच्या आतल्या दुव्यांना यूटीएम कधीच लावू नका, मूळ स्रोत पुसला जातो. जीए-४ मधला तपशीलवार डेटा मुळात २ महिनेच ठेवला जातो. तो १४ महिने करा, आजच करा, कारण गेलेला डेटा परत येत नाही आणि प्रवेशाची तुलना मागच्या वर्षाशीच करायची असते. लॉगिनमागच्या पानांवर, गुण आणि शुल्क दिसतात तिथे, जाहिरातींचे पिक्सेल (वाचकाची नोंद जाहिरात कंपनीकडे पाठवणारा कोड) नकोत.

१६. पोस्टखाली तक्रारी येतात. काढून टाकाव्यात का?

शिवीगाळ, धमकी, कोणाचा फोन नंबर असेल तर काढा. बाकी उत्तर द्या. खरी तक्रार पुसली की तिचा स्क्रीनशॉट दहापट फिरतो. आसनक्रमांक किंवा फोन नंबर खुल्या प्रतिक्रियेत मागू नका.

१७. गुगलमध्ये आमच्या नावाखाली जुगाराची पानं दिसतात, पण साइट उघडली तर सगळं ठीक आहे!

साइट फोडली गेली आहे. घुसखोराचा कोड ती पानं फक्त गुगलच्या क्रॉलरला (पानं वाचत फिरणाऱ्या प्रोग्रामला) किंवा शोधातून आलेल्यांना दाखवतो. विद्यापीठांच्या डोमेनवर शोधयंत्रांचा विश्वास असतो, म्हणून ती आवडतं लक्ष्य. सर्च कन्सोलमधल्या यूआरएल तपासणीत थेट चाचणी घ्या. गुगलला काय दिसतं ते तिथे दिसेल. शिरकाव बहुधा विसरलेल्या परिषदेच्या साइटमधून (प्रश्न ७), जुन्या प्लगइनमधून किंवा कोणतीही फाइल स्वीकारणाऱ्या फॉर्ममधून झालेला असतो.

नुसती पानं पुसली तर आठवड्यात परत येतात. आधी पुराव्यासाठी पूर्ण प्रत घ्या, मग साइट खाली घ्या. मूळ प्रणाली नव्याने बसवा, फक्त मजकूर परत आणा. चढवलेल्या फाइलींच्या फोल्डरमध्ये पीएचपी फाइली, क्रॉनमधली (ठरलेल्या वेळी आपोआप चालणाऱ्या कामांच्या यादीतली) अनोळखी कामं, नको ते ॲडमिन आणि सर्च कन्सोलमध्ये अनोळखी मालक शोधा. शेवटचा बहुतेक जण विसरतात. डेटाबेससकट सगळे पासवर्ड बदला, त्या फोल्डरमध्ये प्रोग्राम चालणं बंद करा, आणि खोट्या पत्त्यांना ४१० (‘पान कायमचं काढलं आहे’) उत्तर द्या. त्याच सर्व्हरवरच्या बाकीच्या साइटही संशयित धरा.

१८. नवी साइट सुरू केली आणि गुगलवरून गायब झालो. का?

चाचणी साइटवर लावलेला नोइंडेक्स टॅग (हे पान शोधात दाखवू नका, असं सांगणारा) तसाच नव्या साइटवर आला का, ते आधी बघा. मग जुने पत्ते: एकेक पान त्याच्या जोडीच्या नव्या पानावर ३०१ ने गेलं पाहिजे. सगळं मुख्य पानावर ढकललं तर गुगल ते ‘पान सापडलं नाही’ असंच धरतं. पुनर्निर्देशनं किमान वर्षभर ठेवा. सर्व्हर बदलणार असाल तर दोन दिवस आधी डीएनएसचा टीटीएल (जुनी नोंद किती वेळ साठवायची ती मुदत) ३०० सेकंदांवर आणा, आणि हे सगळं प्रवेशाच्या हंगामात करू नका.

१९. विद्यार्थ्यांच्या फोन नंबरांची यादी चुकून साइटवर गेली होती. रोबोट्स फाइलमध्ये बंद केली, तरी गुगलमध्ये दिसते.

त्या बंदीमुळेच दिसत राहते. रोबोट्स फाइल गुगलला पान वाचू नको असं सांगते, यादीतून काढ असं सांगत नाही. आणि वाचायलाच मनाई असेल तर पानावरचा नोइंडेक्सही त्याला दिसत नाही. शिवाय ती फाइल सगळ्यांना उघडी असते, म्हणजे लपवायच्या गोष्टीचा पत्ता तुम्हीच जाहीर केलात.

फाइल सर्व्हरवरून खरोखर काढा, ४०४ (‘पान सापडलं नाही’) किंवा ४१० येतंय ना ते पाहा, सीडीएनची साठवण पुसा, रोबोट्समधली ओळ काढा, आणि सर्च कन्सोलमधून काढण्याची विनंती करा. ती विनंती साधारण ६ महिने लपवते. तेवढ्यात फाइल नाही हे गुगलला स्वतः कळतं. ठेवायचीच पण शोधात नको अशी पीडीएफ असेल तर तिला टॅग लावता येत नाही. सर्व्हरच्या हेडरमध्ये एक्स-रोबोट्स-टॅगने नोइंडेक्स पाठवा. यादीत ज्यांचे नंबर होते त्यांना कळवा, आणि तुमच्याकडच्या कायद्यानुसार नियामकाला कळवायचं आहे का ते विधी विभागाला त्याच दिवशी विचारा.